मदत हवी आहे: फायबर होडीच्या तळाचा जुना रंग कसा काढावा?

खाडीकाठचा:

मंडळी, नमस्कार.

मावसभाऊ आणि मी मिळून एक जुनी फायबरची होडी घेतली आहे. बावीस फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन. आधीचा मालक देवगडकडे तिच्यावर पर्यटक फिरवायचा. मे महिन्यात उधाणाच्या भरतीला वर ओढली आणि वाघोटन खाडीच्या काठी आमच्या माडांत ओंडक्यांवर चढवून ठेवली. वर ताडपत्री आहे. इंजिन ठीक, फळ्या ठीक, भानगड सगळी तळाशी आहे.

पाण्याखाली राहणाऱ्या भागावर रंगाचे थर चढलेत. वर विटकरी, खाली निळा, त्याखाली पुन्हा तपकिरी. काही ठिकाणी पापुद्रे उचलून हाताएवढे तुकडे निघतात, पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या बाजूला मात्र नख लागत नाही. बार्नॅकलची, म्हणजे होडीला चिकटणाऱ्या कवचाच्या जिवांची बुडं जागोजाग चिकटलेली आहेत ती वेगळीच.

सल्ले भरपूर मिळाले. गॅरेजवाला म्हणतो, ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लाव, एका दुपारचं काम. हार्डवेअरवाला पेंट रिमूव्हरचा डबा पुढे करतो. रंगारी म्हणतो, गरम पाण्यात कॉस्टिक सोडा. आणि शेजारचे अण्णा म्हणतात, कशाला हात लावताय, वरून अजून एक हात मारा.

माझे प्रश्न: सगळा रंग काढायलाच हवा का? काढायचा तर कशाने? आणि या पावसात हे काम करावं का? नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरवायचा विचार आहे. सँडर घेऊ शकतो, ब्लास्टिंगवाल्याला बोलावण्याइतके पैसे नाहीत.

सुकाणूवाला:

आधी ग्राइंडर खाली ठेवा. फायबरच्या बाहेरचा जेलकोट साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. तोच पाणी आत शिरू देत नाही. ग्राइंडर तो कधी पार करतो ते कळतही नाही, आणि काचेचे धागे दिसले की होडी दुरुस्तीला गेली म्हणून समजा.

कॉस्टिक सोडा तर अजिबात नको. फायबर म्हणजे पॉलिएस्टर रेझिन, अल्कली त्यालाच खाते. साध्या पेंट रिमूव्हरमध्ये बहुधा मेथिलीन क्लोराइड असतं. ते रंग आणि जेलकोट यांत फरक करत नाही, दोन्ही मऊ करतं. फायबरसाठीच बनवलेले रिमूव्हर वेगळे असतात, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरा. हीट गनही नको, उष्णतेने फायबरचेच थर सुटतात.

सगळा काढायचा का, हे रंग घट्ट किती बसलाय त्यावर आहे. जिथे घट्ट आहे तिथे घासून खडबडीत करून वर नवा रंग चालतो. जिथे पापुद्रे उचलतात तिथे वरून मारलेला नवा हात जुन्या पापुद्र्यासकट गळून पडणार. तुमच्या वर्णनावरून थर बरेच साठलेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी खालपर्यंत जावं लागेल.

त्याआधी एक करून बघा. ओला फडका घेऊन वरचा रंग जोरात चोळा. फडक्याला रंग लागला तर तो झिजणारा अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-कालवं धरू न देणारा रंग) आहे, पाण्यात हळूहळू निघत जाणारा. नाही लागला तर कठीण प्रकारातला. झिजणाऱ्यावर कठीण रंग टिकत नाही, खालचा थर सुटला की वरचाही जातो. नवा डबा घेण्याआधी हे कळलेलं बरं.

मालवणी माणूस:

रे बाबा, होडी वर काढल्याबरोबर, तळ वलो आसतानाच खरवडूक होयो होतो. एकदा वाळलो काय बार्नॅकल दगडासारखो बसता. आज्याच्या वेळी लाकडी होडयेच्या बुडाक चुनो नि त्याल लावीत, दर खेपेक खरवडून नवो लेप. फायबरचा तसा नाय. पण पाऊस पडता तो बरोच आसा. भिजत ठेव, मगे पात्यान काढ. आणि पात्याचे कोने आधी कानशीन गोल कर, नायतर तळार चरे उठतले.

चेसापीक-चिंचवड:

मालवणी माणूस यांच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. कार्बाइडच्या पात्याची खरवडणी मिळाली तर ती घ्या, साधं पोलादी पातं पटकन बोथट होतं. कोपरे गोल हवेतच.

मी मेरीलँडमध्ये असतो, इथे दर वसंतात हेच चालतं. आणि म्हणूनच एक गोष्ट जरा लांबण लावून सांगतो. हा रंग कोरडा घासू नका. त्यात कपरस ऑक्साइड, म्हणजे तांबं असतं. शेवाळ, कालवं, बार्नॅकल चिकटू नयेत म्हणून घातलेलं ते विषच आहे. त्याची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही. इथे बऱ्याच यार्डांत व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरशिवाय हात लावू देत नाहीत. तुमच्याकडे तसा नसेल तर पाणी मारत वॉटर पेपरने घासा. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ तरी हवा. रिमूव्हर वापरलात तर एन-९५ काहीच कामाचा नाही, वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो.

होडी किती जुनी आहे? पूर्वी या रंगांत टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग असायचं. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरातली कालवांची शेती त्याने पार बसवली, म्हणून तिथे १९८२ मध्येच २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्याला बंदी आली. जागतिक करार २००१ चा, अंमल २००८ पासून. तुमचा सर्वांत खालचा तपकिरी थर त्याआधीचा असू शकतो. आणि तुम्ही खाडीच्या काठावर बसला आहात, जिथे ओहोटीला बायका कालवं काढतात.

खाडीकाठचा:

सगळ्यांचे आभार. होडी २००० च्या आसपासची, असं मालक म्हणाला होता. फडका चोळून पाहिला, विटकरी रंग भरपूर लागला. म्हणजे वरचा तरी झिजणारा.

आता नवीन गुंता. पाण्याचा फवारा मारून, पात्याने उजवीकडचा भाग साफ केला. जेलकोटपर्यंत छान पोचलो, पण तिथे बारीक बारीक फोड दिसतायत, वाटाण्याएवढे. एक टोचला तर आतून चिकट पाणी आलं, आंबूस वास. रंगारी म्हणतो, लांबी (गाड्यांना भरतात ती पुट्टी) भरून गुळगुळीत करू.

सुकाणूवाला:

हा ऑस्मोसिस. जेलकोटमधून पाणी अगदी हळू झिरपतं, आतल्या न जमलेल्या रेझिनचे अंश त्यात विरघळतात, आम्लधर्मी द्रव होतो आणि तो आणखी पाणी ओढून घेतो. त्यातून हे फोड. वाटाण्याएवढे असतील तर घाबरण्यासारखं नाही, पण गाडीची लांबी भरू नका. ती स्वतःच पाणी पिते, दोन मोसमांत पुन्हा फोड.

प्रत्येक फोड उघडा, कडा उतरत्या करा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. मग वाळवा. नीट वाळल्यावर पाण्याखाली चालणारी इपॉक्सी पुट्टी, आणि त्यावर इपॉक्सी बॅरिअर कोट, म्हणजे पाणी अडवणारा थर. जेलकोट चुकून कुठे पातळ झाला असेल तर तोही याने झाकला जातो.

वाळलंय का हे बघायला फूटभर लांबरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने तळाला चिकटवा. दिवसाच्या उन्हानंतर आतून दव धरलं तर ओल शिल्लक आहे.

खाडीकाठचा:

उन्हानंतर! इथे सूर्य दिसला तर फोटो काढून टाकतो. म्हणजे नारळी पौर्णिमा विसरायची का?

सुकाणूवाला:

इपॉक्सी लावायची असेल तर विसरा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त नसेल, तर लावलेला थर नीट धरत नाही. आपल्याकडे जुलैत हे जमणं कठीण. आता पावसात खरवडून घ्या, फोड उघडे ठेवा, पावसाच्या पाण्याने धुऊ द्या. दिवाळीनंतर कोरडी हवा लागली की पुढचं.

चेसापीक-चिंचवड:

मी थोडा वेगळा विचार करेन. एवढ्याशा फोडांनी होडी बुडत नाही. या वर्षी साफ करून, साधा अँटीफाउलिंगचा हात मारून मोसम काढा आणि इपॉक्सीचं काम पुढच्या हिवाळ्यात करा, असंही करता येतं.

सुकाणूवाला:

येतं, पण मग तोच रंग पुन्हा खरवडायचा. शिवाय उघडलेला जेलकोट मोसमभर पाण्यात. ज्यांचा रोजचा धंदा होडीवर आहे त्यांच्यासाठी तो सल्ला ठीक. यांचा तसा नाही असं दिसतं.

मालवणी माणूस:

घाई कशाक? गिऱ्यात आंग्र्यांनी खडक खोदून गोदी केली, तीव त्याच खाडयेर. होडी थांबली तर काय बिघाडता.

खाडीकाठचा:

ठरलं, दिवाळीनंतरच. धंदा नाही, हौसच आहे. पौर्णिमेला नारळ काठावरूनच.

शेवटचे दोन प्रश्न. एक, खरवडून निघालेल्या चिखलाचं काय करायचं? दोन, नवा रंग इंजिनच्या पायालाही मारायचा का? तिथेही कालवं धरतात.

चेसापीक-चिंचवड:

खाली जाड प्लास्टिक अंथरा, कडा विटांनी उचलून घ्या म्हणजे पाणी खाडीत जाणार नाही. गाळ बसला की वरचं पाणी जुन्या चादरीतून गाळा आणि उरलेला लगदा वाळवून पिशव्या बांधा. जाळू नका, माडांच्या बुंध्याशी टाकू नका. नगरपंचायतीत विचारा, घातक कचरा कुठे घेतात ते.

इंजिनच्या पायाला तांब्याचा रंग अजिबात नको. तो ॲल्युमिनियमचा असतो, तांबं लागलं आणि खारं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम गंजत जातं. त्यासाठी तांबंविरहित रंग वेगळा मिळतो. आणि तिथला जस्ताचा ठोकळा मुळीच रंगवू नका, तो उघडा असला तरच काम करतो.

सुकाणूवाला:

शिवाय इंजिनजवळच्या तळावर तांब्याचा रंग अगदी कडेपर्यंत नेऊ नका, इंचभर जागा मोकळी सोडा. आणि आता डावी बाजू पॉलिश पेपरने घासताना ८० नंबरपेक्षा जाडा पेपर घेऊ नका. ४० नंबरचा पॉलिश पेपर पटापट काढतो खरा, पण चरे बुजवायला मग तेवढीच पुट्टी लागते.