मुलीचं पोट सारखं दुखतं, रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल, आता कोणाला दाखवू?

घोडबंदरची_आई
नमस्कार, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. लेक तिसरीत आहे. दिवाळीपासून तिचं पोट दुखतंय, बेंबीच्या आसपास, कधी अर्धा तास तर कधी दोन तास, मग आपलं आपण थांबतं. दुखायला लागलं की असेल तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसते, परवा स्कूलबसच्या पायरीवरच बसली, मागे पोरं ओरडतायत आणि ही उठेचना. जंताचं औषध झालं, लघवी नॉर्मल, रक्तात फक्त हिमोग्लोबिन ९.८, ते किरकोळ आहे म्हणाले. सोनोग्राफीत मात्र पोटात गाठी आल्यात, 'मेसेंटरिक लिम्फ नोड्स' लिहिलंय. ते बघून एक डॉक्टर म्हणाले टीबीची औषधं सुरू करू, दुसरे म्हणाले काही नाही हो, शाळा टाळायची नाटकं. शाळा टाळायची असती तर मे महिन्याच्या सुट्टीत कशाला दुखलं असतं? सासूबाईंच्या मते गहू बाधतोय, म्हणून सोमवारपासून चपाती बंद करतेय. कोणाच्या मुलांना असं झालंय का?

नेरूळची_सिस्टर
ताई, मी मुलांच्या वॉर्डात नोकरी केली आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. गाठी हा शब्द वाचून आईबापांची झोप उडते, पण लहान मुलांच्या सोनोग्राफीत या लिम्फ नोड्स सर्रास दिसतात, साधं व्हायरल झालं तरी सुजतात. रिपोर्टात मिलिमीटरमध्ये साइज दिली असेल ती बघा, ८ मिमीच्या आतल्या असतील आणि मुलीला ताप नाही, घरात कोणाला टीबी नाही, तर नुसत्या त्या गाठींवरून सहा महिन्यांची औषधं सुरू करायच्या आधी दुसरं मत घ्याच. आता मला सांगा, रात्री झोपेतून दुखून उठते का? वजन, उंची वाढतेय का? शीतून रक्त? आणि शाळेत संडासला जाते का, की दाबून धरते? या वयात पोटदुखीचं मोठं कारण मलावरोधच असतो, रोज जाणाऱ्या मुलांनाही आत खडा अडकलेला असतो.

कळव्याचा_काका
आमच्या वेळी ओवा चावायला द्यायचे आणि बेंबीला हिंग लावायचे, तासाभरात पोर खेळायला. आणि दृष्ट काढा एकदा, त्याला काय पैसे पडतात.

खारघर_मॉम
काका, दृष्ट काढू द्या खुशाल, पण बेंबीवर लावताय तोवर ठीक आहे, पोटात हिंग जाणार असेल तर जरा थांबा. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. हे मला माहीत असायचं कारण म्हणजे माझ्या मुलाला सीलिॲक आहे.

@घोडबंदरची_आई, सोमवारी चपाती बंद करू नका!! आधी टेस्ट. सीलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याचं आतलं अस्तर खराब होतं, त्याची रक्ताची टेस्ट असते, टीटीजी आयजीए, त्यात आयजीए प्रकारची एक अँटिबॉडी मोजतात, सोबत टोटल आयजीएपण करायला सांगा, कारण काही मुलांमध्ये आयजीएच कमी असतं आणि मग रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. पण टेस्टच्या आधी गहू बंद केला की ती अँटिबॉडी उतरायला लागते आणि काहीच कळत नाही, मग परत कित्येक आठवडे गहू खायला घालून टेस्ट करायची, आणि तोपर्यंत मुलाला बरं वाटायला लागलं असेल तर त्याला परत दुखणं द्यायला कोणत्या आईचा हात धजेल?

घोडबंदरची_आई
सगळ्यांचे आभार, काकांचेही 😊 सिस्टर, गाठी ६ आणि ७ मिमीच्या लिहिल्यात. ताप नाही. शी कधी घट्ट, पण बऱ्याचदा सैलसर आणि खूप वास येतो. रात्री कधीकधी उठते. उंचीचं विचारलंत म्हणून बघितलं, गेल्या वर्षीचा युनिफॉर्म तिला अजून बरोब्बर बसतोय, आणि धाकटा दोन वर्षांनी लहान असून खांद्याला लागलाय. मी आपली खुश होते की यंदा नवीन शिवायला नको.

नेरूळची_सिस्टर
मग नाटकं वगैरे विसरा. रात्रीचं उठणं, उंची थांबणं आणि कमी हिमोग्लोबिन एकत्र आलं की शोधच घ्यायला लागतो. लसीकरणाच्या कार्डावर, शाळेच्या हेल्थ कार्डावर जुनी वजनं-उंची असतील, ती तारखेनिशी एका कागदावर उतरवा, डॉक्टर आधी तेच विचारणार. मुलांच्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टलाच दाखवा, मोठ्यांच्या नको. ठाण्यात लवकर नंबर लागला नाही तर परळचं वाडिया हॉस्पिटल मुलांचंच आहे, स्लो लोकल परळला थांबते. सीलिॲकशिवाय शीची तपासणीपण होईल, एक जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी, तो एका सॅम्पलमध्ये सुटू शकतो म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे सॅम्पल मागतात, आणि एक कॅल्प्रोटेक्टिन, त्यात आतड्याला सूज आहे का ते कळतं. हिरवी उलटी झाली, पोट कडक झालं किंवा दुखणं उजवीकडे खाली सरकलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.

घोडबंदरची_आई
यांनी आत्ताच फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. सासूबाईंना सांगितलं की गुरुवारपर्यंत चपाती चालू, त्या म्हणे मग तूपही लाव. खारघर ताई, रक्त द्यायला उपाशी न्यायचं का?

खारघर_मॉम
टीटीजीला उपाशी लागत नाही, पण सोबत अजून काही टेस्ट लिहून दिल्या तर लॅबला विचारून घ्या. आणि सकाळी पाणी भरपूर पाजा, शीर पटकन सापडते.