चोकबेरीचं झुडूप यवतमाळकडे जगेल का?

प्रश्न: घराच्या कुंपणालगत चोकबेरी लावायची आहे. जमीन काळी, भारी. खड्डा केवढा घ्यावा?

उत्तर १: भाऊ, खड्ड्याचं नंतर बघा. चोकबेरी मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. तिला फुलायला लांब, कडक हिवाळा लागतो. आपल्याकडे तो नाही, वर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. त्यापेक्षा करवंद लावा. तशीच आंबट-तुरट फळं, शिवाय काट्यांमुळे ढोरं आत शिरत नाहीत.

उत्तर २: करवंदच बरं. पण काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात, रोप पिवळं पडून मरतं. म्हणून सपाटीला नको, फूटभर उंच वरंब्यावर लावा. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. अर्धी माती काढून तिथं मुरूम आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत. पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावणी. कुंपणासाठी अंतर ३ फूट. बी ताजंच पेरा, वाळवून ठेवलेलं फारसं उगवत नाही.

उत्तर ३: पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी, बुडाशी तुरीच्या भुसाचं आच्छादन. छाटणी फळं उतरल्यावरच. फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, हिवाळ्यात शेंडे कापले तर त्या वर्षी फळ विसरा. चीक निघतो, डोळ्यांना जपा.