मदत हवी आहे: मिरजेतल्या एका बाईला धंदा आणि नशा दोन्ही सोडायचंय, सुरुवात कुठून करू?

मिरजेत स्टेशनकडच्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. रात्री त्याच रस्त्यावर काही बायका उभ्या असतात. त्यातली एक, वय तिशीच्या आतलं, साडीला फॉल लावायच्या निमित्ताने दुकानात येऊन बसू लागली. परवा तिने सरळच विचारलं, "ताई, मला ह्यातनं सुटायचंय. कुणाकडं जाऊ?" तिला विचारूनच लिहितेय. नाव, गाव कृपया विचारू नका.

ती नशेचं इंजेक्शन घेते, मेफेंटरमिन. ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी चढवायचं औषध ते. रात्रभर उभं राहायला बळ येतं म्हणून सुरू झालं. मग झोप येईना म्हणून नायट्रेझेपामच्या गोळ्या, त्या आता रोजच्या. भर उन्हात लांब बाह्यांचा ब्लाउज घालते. माप घेताना बाही वर सारली तर कोपराच्या आतली शीर दोरीसारखी कडक झालेली, आणि बाजूला पू धरलेली गाठ.

इंजेक्शन आणून देणारा आणि गिऱ्हाईक आणणारा माणूस एकच आहे. उधारी त्याच्याच वहीत. धंद्याला गेली नाही की इंजेक्शन नाही, इंजेक्शन नाही की उभं राहवत नाही. त्यामुळे "आधी हे सोड, मग ते बघू" हे तिच्या बाबतीत चालतच नाही, आणि नेमकं हेच मला कुणाला पटवता येईना. बायकांच्या एका निवाऱ्यात फोन केला तर म्हणाले, आधी व्यसन सोडवून आणा. एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात बायकांची सोयच नाही. दुसऱ्यात सोय आहे, पण सहीला नवरा नाहीतर भाऊ पाहिजे आणि आधार कार्ड पाहिजे. नवऱ्यानेच तिला इथे आणून सोडलंय, भाऊ दारात उभं करत नाही, आधार कधी निघालंच नाही. पदरात शाळेत जाणारी मुलगी आहे. आई दवाखान्यात गेली तर लेकीला कुणी उचलून नेईल, ही तिची सगळ्यात मोठी धास्ती.

सही कोण करू शकतं? आणि उपचार झाल्यावर तिने राहायचं कुठे? त्याच खोलीवर परत गेली तर सगळं पाण्यात. "पोलिसांना सांगून धाड टाका" असं कृपया सुचवू नका. ती स्वतःच्या पायाने बाहेर पडू बघतेय, तिला गाडीत कोंबून न्यायची वेळ येऊ नये.

प्रतिसाद १
मानसोपचार विभागात नर्स होते. पहिलं म्हणजे गोळ्या घरी एकदम बंद करू देऊ नका. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. त्याआधी ती गाठ सिव्हिलला दाखवा, पू रक्तात गेला तर जिवावर बेतेल. तिथेच एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त होते. सुई दुसऱ्या कुणाची वापरली असेल तर काविळीचीही, बी आणि सी दोन्ही, करून घ्या.

सहीचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे उपचारही येतात. सज्ञान बाई स्वतःच्या संमतीने दाखल होऊ शकते, नवऱ्याची सही लागत नाही. शिवाय आपला प्रतिनिधी ती स्वतः नेमू शकते. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो, आणि तो प्रतिनिधी रक्ताच्या नात्यातलाच हवा असं नाही. म्हणजे तुम्हीही चालाल.

प्रतिसाद २
सांगलीत आहात तर 'संग्राम' ही संस्था आणि देहविक्री करणाऱ्या बायकांचीच संघटना असलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, ह्यांच्या बायकांना आधी भेटा. 1990 च्या दशकापासून ह्याच जिल्ह्यात काम आहे. त्या तिला उपदेश करणार नाहीत आणि त्या माणसाला कसं तोंड द्यायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

आधारचं अडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात सांगितलंय की देहविक्री करणाऱ्या बाईला पत्त्याच्या पुराव्याशिवाय, एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार द्यायचं, आणि तिचा व्यवसाय उघड होता कामा नये. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुढे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा, वेश्याव्यवसायातून सुटलेल्या बायका त्यात बसतात. मुलीसाठी बाल संगोपन योजना विचारा.

माझं मत विचाराल तर उपचार मिरजेत नकोच. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा 'निशिगंध' हा खास बायकांचा विभाग आहे. तो माणूस रोज गेटवर येऊन उभा राहील असं अंतर ठेवू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. प्रतिनिधीचं वाचून दाखवलं तर तिने दोनदा विचारलं, "म्हंजे तुमची सही चालती?" कागद आम्ही लिहून ठेवलाय. गाठ दाखवायला उद्या सकाळी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर जातेय. मुलगी तेवढा वेळ माझ्या सासूबाईंकडे थांबेल.

एक प्रश्न अजून उरलाच. उपचारानंतर सातारा किंवा कराडकडे, ह्या रस्त्यापासून लांब, माय-लेकींना खोली देणारं कुणी माहीत आहे का? भाड्याची जबाबदारी सुरुवातीला मी घेईन. शिवणयंत्र माझ्याकडे एक जादा आहे, ते तिच्याबरोबर पाठवते. पत्ता इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.