लेडी ग्लॅमिस: आरोप चेटुकाचा नव्हता

असं म्हणतात की स्कॉटलंडमधल्या जॅनेट डग्लस, म्हणजे लेडी ग्लॅमिस, हिला चेटकीण ठरवून जाळलं. ही समजूत सगळीकडे पसरली आहे, पण खटला होता राजद्रोहाचा: स्कॉटलंडच्या पाचव्या जेम्स राजाला विष देण्याचा कट. १७ जुलै १५३७ रोजी एडिंबरात तिला जिवंत जाळलं.

खरं कारण माहेरात आहे. तिचा भाऊ आर्चिबाल्ड, अँगसचा अर्ल (म्हणजे सरदार), हा राजाचा सावत्र बाप. त्याने कोवळ्या वयाच्या राजाला काही वर्षं आपल्या मुठीत ठेवलं. १५२८ मध्ये सुटका झाल्यावर जेम्सने अख्ख्या डग्लस घराण्यावर दात धरला. भाऊ इंग्लंडला पळाला, बहीण हाती लागली.

पहिला नवरा लॉर्ड ग्लॅमिस आधीच वारला होता. दुसरा, आर्चिबाल्ड कॅम्पबेल, एडिंबरा किल्ल्यातून पळताना कड्यावरून पडून मेला. मला सर्वात चटका लागतो तो तिच्या मुलाचा, जॉनचा. कोवळ्या पोराला मृत्युदंड सुनावून कैदेत ठेवलं आणि ग्लॅमिसचा वाडा राजाने बळकावला. १५४२ च्या डिसेंबरात राजा मेला, तेव्हा कुठे जॉन सुटला. पुढे त्याला वाडा आणि जमिनी परत मिळाल्या.