आईच्या ई-बाईकला नंबर नाही, म्हणून दावा करता येत नाही का?

पहिला मेल: न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,

या यादीवर मी फारसं लिहीत नाही. आज घरचं सांगायचं आहे आणि सल्ला हवा आहे.

आई सोलापुरात निलम नगरला राहते. वय 58. गेली तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवते. कारखान्यातून कापलेले तुकडे आणायचे, घरी शिवायचे आणि गठ्ठा परत पोचवायचा. गुडघे दुखायला लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच पैसे पाठवून तिला हळू चालणारी बॅटरीची गाडी घेऊन दिली. 19 जानेवारीला, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी अजून ओसरायची होती तेव्हा, अक्कलकोट रोडवर शांती चौकाच्या अलीकडे एका टेम्पोने वळताना तिला मागून उडवलं. उजवं मनगट मोडलं. प्लेट टाकली, सहा स्क्रू. बिल 85 हजार.

टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी घरी आला, 10 हजार ठेवले आणि ‘आपसात मिटले, तक्रार नाही’ अशा चिठ्ठीवर आईची डाव्या हाताची सही घेऊन गेला. भावाने पोलिसांत काही दिलं नाही. तो म्हणतो, “आपल्या गाडीला नंबर नाही, लायसन नाही, इन्शुरन्स नाही. उलट आपणच अडकू.”

आता दोन महिने झाले. प्लास्टर निघालंय, पण मूठ वळत नाही. काल व्हिडिओ कॉलवर बघितलं, आई कडक भाकरी डाव्या हाताने ताटाच्या काठावर आपटून मोडत होती. मशीनवर चादर टाकून ठेवलीय. मला इथे झोप लागत नाही. खरंच काही करता येत नाही का?

दुसरा मेल: एक ज्येष्ठ सभासद, पूर्वी सोलापूर कोर्टात वकिली

पोरी, करता येतं. भावाला हे सगळं वाचून दाखव.

त्याची भीती चुकीच्या जागी आहे. नुकसानभरपाई मागायची ती टेम्पोच्या विम्याकडून, आणि त्यासाठी कागद लागतात ते टेम्पोचे. आईची गाडी ज्या प्रकारची तू सांगतेस, म्हणजे मोटार 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार वाहन धरलीच जात नाही. तिला पासिंग नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. सायकलवाल्याला ट्रकने ठोकलं तर सायकलचं आरसी बुक कोण मागतं का? तसंच हे.

एकच गोष्ट मला खरी सांग. गाडी घेतल्यावर कुणा मेकॅनिककडून वायर काढून ‘स्पीड खोलून’ घेतलाय का? आपल्याकडे हे सर्रास चालतं. तसं असेल तर ती गाडी सवलतीतून बाहेर जाते आणि विमा कंपनीचा वकील तिथेच बोट ठेवेल. तरीही दावा बुडत नाही. लायसन नव्हतं एवढ्यावरून अपघातात तुमचाही दोष होता असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सुधीरकुमार राणा यांच्या प्रकरणात सांगितलंय. धडक कुणाच्या चुकीने झाली, ते बघायचं. पण आपल्या वकिलापासून काही लपवू नका.

आता मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात द्यायचा असतो. 1 एप्रिल 2022 पासून ही अट आहे. म्हणजे तुमच्याकडे 18 जुलैपर्यंत वेळ आहे. या मुदतीविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत आणि उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला. त्या भरवशावर राहू नका. मी पक्षकारांना नेहमी म्हणायचो, मुदत आपल्या हातात आहे तोवर दुसऱ्याच्या दयेवर कशाला जायचं?

पोलिसांत उद्याच जा. फिर्याद उशिरा दिली म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. 2011 च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण निकालात हे स्पष्ट आहे, फक्त उशिराचं कारण पटण्यासारखं हवं. तुमचं कारण खरं आहे: ऑपरेशन, घरात एकटी बाई आणि दारात आलेला टेम्पोवाला. दवाखान्याने पहिल्या दिवशी एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची अपघाताची नोंद, केली असेल, तिची नक्कल काढा. ‘गाडीवरून पडले’ असं मोघम लिहिलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. फिर्याद नोंदली की पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल पाठवायचा असतो. पाठवला का, ते भावाने विचारत राहावं. टेम्पोचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विमा चालू होता का तेही दिसेल. विमा नसेल तर मालकावर दावा, आणि ड्रायव्हरकडे लायसन नसेल तर बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगतात.

त्या चिठ्ठीला घाबरू नका. तो न्यायाधिकरणाचा निकाल नव्हे. मिळालेले 10 हजार मात्र अर्जात स्वच्छ लिहा.

खरा मुद्दा आईचा हात आहे आणि इथेच लोक कमी मागून बसतात. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यात अपंगत्व समजा 15 टक्के आलं. कारकुनाला 15 टक्के आणि शिवणाऱ्या बाईला 15 टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक. कमाईची ताकद किती गेली ते बघा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात आहे. समजा आई महिन्याला 12 हजार कमवत होती आणि न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान 40 टक्के धरलं. वर्षाचे 1 लाख 44 हजार, त्यात तिच्या वयाला भविष्यातील वाढ 10 टक्के, म्हणजे 1 लाख 58 हजार 400. त्याचे 40 टक्के 63 हजार 360. याला वयावरून ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. 58 वयाला गुणक 9. झाले 5 लाख 70 हजार 240. त्यावर दवाखान्याचा खर्च, वेदना, घरकामाला लावलेल्या बाईचा पगार आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज वेगळं.

हे उभं राहतं ते कमाईच्या पुराव्यावर. किती डझन नेले, किती पोचवले याची आई वही ठेवत असेल. शिवणाऱ्या सगळ्याच ठेवतात. ती वही जपून ठेवा. कारखानदाराकडून पत्र घ्या, फोनवर आलेल्या पैशांची यादी काढा. डॉक्टरला साक्षीला यावं लागेल, त्यांना आत्ताच विनंती करून ठेवा.

तुझी सही किंवा मुखत्यारपत्र लागत नाही, अर्जदार आईच आहे. मंडळातल्या इतरांसाठी सांगतो: अपघातात माणूस गेला तर परदेशातली मुलंही वारस म्हणून अर्जात येतात. तेव्हा मुखत्यारपत्राला अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचा खरेपणाचा दाखला) किंवा वकिलातीचा शिक्का घ्या आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्या. या एका कागदापायी वर्ष-वर्ष वाया गेलेलं मी पाहिलंय.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

तिसरा मेल: दुबईहून

काका, याच विषयावर विचारतो. माझ्या मामांना सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला सकाळी फिरताना अशाच एका बिननंबरच्या गाडीने पाडलं. चालवणारा पंधरा वर्षांचा पोरगा. मामांच्या खुब्याला मार आहे. आणि आमच्या शेजाऱ्यांच्या नव्या गाडीचा ब्रेकच लागला नाही, त्यांचं काय?

चौथा मेल: ज्येष्ठ सभासद

मामांचं प्रकरण अवघड आहे. गाडी खरोखर त्या मर्यादेतली असेल तर ती मोटार वाहन नाही, म्हणून दावा न्यायाधिकरणही नाही आणि मागे विमाही नाही. दिवाणी दावा करावा लागेल, पैसे त्या घराच्या खिशातूनच यायचे. कायद्याची ही उणीव म्हाताऱ्या पादचाऱ्यांना भोवते आणि मला ती फार लागते. म्हणून पोलिसांना सांगून गाडीची मोटार तपासून घ्या. 250 वॉटच्या वर निघाली तर चित्र पालटतं. मग मालक जबाबदार, आणि अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्याबद्दल कलम 199-अ खाली पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड.

शेजाऱ्यांनी गाडी दुरुस्तीला अजिबात देऊ नये. आहे तशी झाकून ठेवावी आणि फोटो काढावेत. उत्पादनातल्या दोषासाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते. गाडीची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येते.

पाचवा मेल: न्यू जर्सीहून, आठ दिवसांनी

काका, भाऊ पोलिसांत जाऊन आला. फिर्याद घेतली. एमएलसीत ‘टेम्पोची धडक’ असंच लिहिलंय आणि टेम्पोचा विमा ऑगस्टपर्यंत चालू आहे. समोरच्या किराणा दुकानदाराने त्या दिवशीचं फुटेज भावाच्या फोनवर पाठवलं होतं, ते तसंच आहे. दुकानदार साक्षीला यायला तयार आहे. वायरला कुणी हात लावलेला नाही, गाडी त्या मर्यादेतली असल्याच्या प्रमाणपत्राची नक्कलही डीलरकडून मिळाली.

आणि आईची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, 2019 पासूनची. शेवटची नोंद 18 जानेवारीची: हाफ पँट, अडीच डझन. त्याखाली 19 तारीख लिहून ठेवलीय, पुढे रिकामं.