मदत हवी आहे : जालन्यातल्या जुन्या टॉकीजसाठी चुन्याचा मिस्त्री

नमस्कार मंडळी. जालन्यात आमच्या आजोबांची टॉकीज आहे, निजामाच्या काळातली, म्हणजे १९४८ च्या आधीची. खेळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण बाल्कनीचं सागवानी काम अजून खणखणीत आहे. विकायची नाही, दुरुस्त करायची, असं घरात ठरलंय.

अडचण भिंतींची. मूळ बांधकाम दगड-चुन्याचं, त्यावर नंतर सिमेंटचा गिलावा झालाय. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती आतच साचते, क्षार फुलतात आणि चुना भुसभुशीत होतो. ठेकेदार म्हणतात, परत सिमेंटच मारा. मला ते अजिबात पटत नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडलं, तेसुद्धा जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये उघडलंच की!

संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यावर चुन्याचं काम केलेले मिस्त्री कुणाच्या ओळखीत आहेत का? दगडी चाकाच्या घाण्यात मळलेला चुना जवळपास कुठे मिळेल?

आणि केबिनमध्ये कार्बनच्या कांड्यांच्या उजेडावर चालणारे जुने प्रोजेक्टर गंजून पडलेत. भंगारात द्यायचे नाहीत. ते साफ करून देतील असे जुने ऑपरेटर मराठवाड्यात कुठे असतील, तर कृपया कळवा.