अंतराची सुई: अमेरिकेत बायका कोर्टात गेल्या, आपल्याकडे काय?

गोदाकाठ_४२२: अमेरिकेत डेपो-प्रोव्हेरा म्हणून सुई आहे, तीन महिन्यातून एकदा घ्यायची, पाळणा लांबवायला. तिच्यावरून शेकडो बायकांनी फायझर कंपनीवर दावे लावलेत. म्हणणं असं की वर्षानुवर्षं सुई घेतली, मेंदूच्या आवरणात गाठ झाली (मेनिन्जिओमा) आणि कंपनीने आधी सावध केलंच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे दावे फ्लोरिडात पेन्साकोलाच्या एकाच जजकडे दिले. आता तेच औषध, १५० मिलिग्रॅमचं, आपल्याकडे २०१७ पासून 'अंतरा' नावाने सरकारी दवाखान्यात फुकट देतात. माझी वहिनी दिंडोरीकडे असते, पाच वर्षं झाली घेतेय. तिला विचारलं काय सांगितलं गं सुई देताना, तर म्हणे "पाळी पुढेमागे होईल, घाबरू नको." बास. हाडं ठिसूळ होऊ शकतात म्हणून अमेरिकेत २००४ पासून चौकटीत छापतात, दोन वर्षांच्या वर शक्यतो घेऊ नका म्हणून, ते पण तिला माहीत नाही. माझं मत, इथेही दावे व्हायला पाहिजेत, त्याशिवाय कोणी सांगणार नाही.

सिस्टर_पेठरोड: दादा राग मानू नका पण तुम्ही पुरुष मंडळी असं लिहिता आणि सोमवारी ओपीडीत निम्म्या बायका गायब होतात. मी स्वतः सुया दिल्यात. पेठ, सुरगाण्याकडच्या पोरी येतात, तीन बाळंतपणं झालेली, अंगात रक्त नाही, नवरा गोळीचं पाकीट दिसलं तर फेकून देतो. सुई कोणाला दिसत नाही, म्हणून घेतात. त्यांना चौथं बाळंतपण जास्त धोक्याचं की ही गाठ, सांगा बरं. बाकी हाडांचं सांगत नाहीत हे खरंय, शंभर बायकांची रांग असते, कुठे कुठे सांगणार.

आकडेमोडया: मूळ अभ्यास बघा आधी. मार्च २०२४ चा फ्रान्सचा, बीएमजे या ब्रिटिश डॉक्टरी नियतकालिकात आलाय. गाठीचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायका घेतल्या आणि त्यांच्याशी ताडून बघायला ९०,३०५ दुसऱ्या. या सुईशी संबंध किती जणींचा? पहिल्या गटात ९, दुसऱ्यात ११. यावरून "साडेपाच पट" आलंय. नऊ बायका हो! आणि गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. मुळात क्वचित होणारी गोष्ट साडेपाच पट झाली तरी क्वचितच राहते.

गोदाकाठ_४२२: @आकडेमोडया नऊच, कारण फ्रान्समध्ये ही सुई फार कोणी घेतच नाही. आपल्याकडे रांगा लागतात, सिस्टरच सांगतायत वर. आणि कॅन्सरची नसते म्हणून काय झालं, कवटी उघडून काढावी लागली तर ती काय किरकोळ गोष्ट आहे का. शिवाय कॅनडात २०१५ पासून कागदावर ही गाठ छापलेली होती म्हणे, मग अमेरिकेत का नाही, तिथल्या बायकांचा मुद्दा एवढाच आहे.

आकडेमोडया: कंपनीचं म्हणणं की आम्ही एफडीएकडे (तिथलं औषधांना परवानगी देणारं सरकारी खातं) इशारा टाकायची परवानगी मागितली होती, त्यांनीच नाही म्हटलं. मग कंपनी कशी दोषी?

गोदाकाठ_४२२: मागितली ती पण किती उशिरा. आणि तीच एफडीए डिसेंबर २०२५ मध्ये हो म्हणाली.

काळा_कोट_सीबीएस: भावना समजल्या, आता कायदा ऐका. ग्राहक कोर्टात जायला तुम्ही ग्राहक पाहिजे. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने शांता केसमध्ये (डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात बसते का, यावरची केस) सांगून ठेवलंय, जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते ती या कायद्यात बसत नाही. २०१९ च्या नव्या कायद्यात सदोष मालासाठी कंपनीवर दावा आहे, पण तिथेही पैसे मोजून घेणारा ग्राहक. म्हणजे कॉलेज रोडला मेडिकलमधून सुई विकत घेतली तर निदान दार तरी उघडतं, आणि सरकारी दवाखान्यात घेतली तर सिव्हिल दावा लावत बसा वर्षानुवर्षं. त्यात पुरावा काय? कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची सुई होती? वहिनींकडे कागद आहे का?

गोदाकाठ_४२२: कार्ड आहे. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय, घडीवर फाटलेलं, एका बाजूला हळदीचा डाग. मी फोटो मागवला. तारखाच तारखा, दोन तर वाचता येत नाहीत. कंपनी नाही, बॅच नाही.

काळा_कोट_सीबीएस: मग झालं. समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल, ही सुई आमची कशावरून.

मावशी_गंगापूररोड: हे नवीन नाही बाळांनो. १९८५ ला तेव्हाच्या आंध्रात पटणचेरूला नेट-एनची सुई देत होते, ही पण तसलीच, दोन महिन्यांची. आपल्यावर चाचणी चालूए हे बायकांना धड सांगितलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटना वगैरे बायका १९८६ ला सुप्रीम कोर्टात गेल्या. आम्ही इथे नाशकात शालिमारला पत्रकं वाटायचो, लोक म्हणायचे यांना काही कामधंदा नाही. चाचणी थांबवा म्हणाल्या, कारण बायकांना न सांगताच सुई देत होते. सिस्टर, रांग शंभराची असते मान्य, पण बाकावर बसलेल्या वीस जणींना एकदमच दोन वाक्यं सांगता येतात की.

सिस्टर_पेठरोड: मावशी, येऊन सांगा एक दिवस, चहा माझ्याकडून. सांगायला हरकत नाही हो, पण "गाठ" शब्द उच्चारला की बाकी काही ऐकूच येत नाही त्यांना. मी आता एवढं करते, दोन वर्षं झाली की विचारते दुसरं काही वापरणार का, तांबी वगैरे. आणि डोकं सारखं दुखतंय, दिसायला कमी झालंय असं कोणी म्हटलं तर सरळ डॉक्टरांकडे. गोदाकाठ दादा, वहिनींची पुढची तारीख कधी?

गोदाकाठ_४२२: १८. जाणारे म्हणाली. मी हे सगळं वाचून दाखवलं फोनवर, तर म्हणे तुझ्या भावाला आधी वाचून दाखव, त्याने ऑपरेशन केलं तर मला सुईच लागायची नाही.

मावशी_गंगापूररोड: 😂 मग दाखवलं का?

गोदाकाठ_४२२: त्याने फोन कट केला.